रेंजची पायरी

येरमाळ्याच्या डोंगरावर, देवीच्या पायऱ्यांपाशी माझं नारळाचं दुकान आहे. एक तरणा गडी रोज दिवस कलताना शेजारी येऊन बसायचा. त्याच्या वस्तीवर रेंज नव्हती. दिवसभर लिहिलेला कोड तो इथून कंपनीच्या सर्व्हरवर पाठवायचा. त्याच्या भाषेत, पुश करायचा. कोड पोचला की लॅपटॉपला हात जोडून उठायचा.

एकदा तो पुन्हा पुन्हा बटण दाबत राहिला. हात काही जोडेना.

"काय झालं रं, लेकरा?"

"घेईना, मावशी. तिथून माझं नावच काढून टाकलंय, म्हंजी नोकरी गेली. कुणी साधा फोनबी केला न्हाय."

"घरी सांग."

"आईला आत्ता कुठं कळाया लागलंय, मी काय काम करतो ते."

अजून येतो. लॅपटॉप उघडतो, पण चालू करत नाही. अंधार पडला की काळ्या पडद्याला हात जोडतो आणि घरी जातो.