ताकातलं तांबं

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही, कचेरीत नाही. सांगितली असती तर कुणाचं काय बिघडलं असतं? माझं – फक्त माझं.

सत्तरच्या दशकात सांगलीच्या एका दैनिकात मी शेतीचं सदर लिहीत असे. दमट हवेत टोमॅटोवर करपा पडायचा. पानांवर काळपट डाग उठायचे, मग फळं तपकिरी होऊन सडायची. कराडजवळच्या एका गावात तात्या म्हणून एक बागायतदार होते. त्यांचा प्लॉट हिरवागार होता. उपाय साधा – रोगट पानं तोडून जाळायची, आणि तांब्याच्या घागरीत ताक हिरवट होईपर्यंत आंबवून पाण्यातून फवारायचं.

मी सगळं लिहून घेतलं. छापायला देताना 'तांब्याच्या घागरीत' हे शब्द खोडले आणि 'भांड्यात' लिहिलं. पूजेला तांबं लागतं तसंच हेही सोवळ्यातलं खूळ, असं मी ठरवून टाकलं. वर्तमानपत्राने अंधश्रद्धा पसरवू नये, नाही का? केवढा ताठा होता मला तेव्हा!

अंक वाचून तात्यांनी मला कराडच्या स्टँडवर गाठलं. "आवं, तांबं कुठं गेलं? तेच तर ताकात उतरतंय, तेच औषीद. नुसत्या ताकाची कढी करा की." दुरुस्ती देतो, म्हणालो. दिली नाही. एका ओळीचं काम – पण ती ओळ माझ्या चुकीची होती.

नंतर कुंडलला गेलो. तिथे शालन नावाची एक सून होती, नवरा फौजेत. सासूशी वाद घालून तिने उसाच्या रानातला एक तुकडा हंगामापुरता मागून घेतला होता, टोमॅटोसाठी. पीक आलं तर तुकडा तिच्याकडे राहणार, नाहीतर पुन्हा ऊस. माझं सदर वाचूनच तिने फवारणी केली होती. मी पोचलो तेव्हा प्लॉट काळा पडला होता.

चहा देताना तिने विचारलं, "दादा, ताक मी जर्मलच्या पातेल्यात ठेवलं हुतं. भांड्याचं तर काय नसंल?"

जर्मल म्हणजे अ‍ॅल्युमिनियम. तिने नेमकं तेच विचारलं होतं. आणि मला उत्तर ठाऊक होतं.

"भांड्याचा काही संबंध नाही," मी म्हणालो.

सासू दारातच बसली होती. "ऐकलंस? औषीद पेपरातलं, ते खोटं न्हाई. भांड्याचंबी न्हवं. त्या चार दिसांत वावरात पाय ठिवू नगं म्हणून कवाधरनं सांगतीया. तुझ्या इटाळानं जळलं समदं." मग माझ्याकडे वळली. "तुमीच सांगा हिला."

शालन माझ्याकडे बघत होती. मी बशी खाली ठेवली. "वापरण्यात काहीतरी चूक झाली असेल," म्हणालो. बातमीत शोभेल असं वाक्य – कुणाचं नाव नाही, कुणावर ठपका नाही. पण त्या अंगणात ते एकाच बाईवर जाऊन पडलं.

सासूवर काय म्हणून रागावू? तिला विटाळ खरा वाटत होता. मला तर खरं काय ते माहीत होतं. अंधश्रद्धा नको म्हणून शब्द खोडणाऱ्या शहाण्याने एका बाईच्या माथी विटाळ मारला, आणि चहा संपवून तो शेवटच्या एस.टी.ने घरी गेला. भित्रा म्हणणंही पुरत नाही – भित्रा निदान पळून जातो. मी बसून राहिलो होतो.

त्या तुकड्यात ऊस लागला. काही वर्षांनी शालन मला पलूसच्या बाजारात दिसली. टोमॅटो निवडून विकत घेत होती. तिने मला ओळखलं, पदर सावरला.

"दादा, तुमचं औषीद चांगलं हुतं," ती म्हणाली. "माझंच चुकलं."

मी होकारार्थी मान हलवली.