हार्ड डिस्कची झालर

केडगावच्या भागिरथीबाई भिंगारदिवे यांच्या घरात उघडी वस्तू शोधूनही सापडत नसे. टीव्हीला कव्हर, फ्रीजला कव्हर, मिक्सरला कव्हर, फोनवर विणलेला रुमाल. गॅसच्या सिलिंडरलासुद्धा त्यांनी झालरीचा फ्रॉक शिवला होता आणि सिलिंडर बदलायला येणारा माणूस दर खेपेला तो काढताना लाजायचा. एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक असलेले त्यांचे यजमान उत्तमराव पाहुण्यांना सांगायचे, "बसा निवांत, पण लई वेळ एका जागी बसू नका. ही माप घेईल."

भागिरथीबाई हसण्यावारी न्यायच्या, पण शिवायचं सोडत नव्हत्या. त्यालाही कारण होतं. त्यांच्या माहेरी नवं असं कधी काही आलंच नाही. चादर दुसऱ्या कुणाच्या अंगावरून उतरलेली, ताटली पोचे पडलेली, शाळेची पाटीदेखील कुणीतरी फोडून दिलेली. लग्नानंतर दोघांनी मिळून शिलाई मशीन घेतलं, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा करकरीत नवी वस्तू त्यांच्या हाताला लागली. तिच्यावर त्यांनी सगळ्यांत आधी काय शिवलं असेल, तर त्या मशीनचंच कव्हर. नवं ते नवंच राहिलं पाहिजे, एवढं एकच त्यांचं म्हणणं होतं.

त्यांची मुलगी यशोधरा नगरला डीटीपी शिकली आणि पुढच्या खोलीत जुना कॉम्प्युटर मांडून पत्रिका, हँडबिलं करून देऊ लागली. काम बरं चाललं होतं, पण त्यावर भागण्यासारखं नव्हतं. तेवढ्यात पुण्याच्या एका ऑफिसात तिला नोकरी लागली. सोमवारी हजर व्हायचं, हॉस्टेलवर राहायचं. भागिरथीबाईंनी चिवडा करून डब्यात भरला. पोरीनं स्वतःच्या पायावर उभं राहावं, हे तिला लहानपणापासून त्यांनीच शिकवलं होतं. आता कुठल्या तोंडानं थांब म्हणणार?

मात्र एक आशा होती. नगरच्या प्रेसचे मालक काकासाहेब यांनी एका हायस्कूलची स्मरणिका यशोधराला करायला दिली होती. ती शनिवारी संध्याकाळपर्यंत नीट हातात पडली, तर प्रेसचं सगळंच काम केडगावला पाठवतो, असा त्यांनी शब्द दिला होता. तसं झालं तर पुण्याला नाही म्हणून कळवायचं, हे यशोधरानंही ठरवलं होतं. स्मरणिकेत जुने फोटो भरपूर. ते फ्लॉपीत मावेनात, कॉम्प्युटरातही जागा उरली नाही. मग तिचा मामेभाऊ महेंद्र नगरला कॉम्प्युटरचं दुकान चालवायचा, त्याच्याकडून तिनं बाहेरून जोडायची हार्ड डिस्क आणली. विटेएवढा काळा डबा. एक वायर विजेची, दुसरी जाड, ती प्रिंटर जोडतात तिथं कॉम्प्युटरच्या पाठीला लावायची. स्मरणिका सगळी त्या डब्यात.

शनिवारी सकाळी यशोधरा शेवटची प्रुफं आणायला शाळेत गेली आणि भागिरथीबाईंनी डाव साधला. डबा नवा, वर पुणे रोडची धूळ. आकाशी कापड, पांढरी झालर, मागं वायरींसाठी दुमडून शिवलेली दोन भोकं. वायरी काढल्या, कव्हर चढवलं, वायरी होत्या तशा लावल्या, जाड वायरीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना असलेले स्क्रू अगदी दम लावून आवळले. मुलीचं मशीन घरातलं झालं, असं त्यांना वाटलं.

यशोधरा आली, झालर पाहून कपाळाला हात लावून हसली आणि कामाला बसली. कॉम्प्युटर सुरू झाला, डब्याचा दिवा लागला, आतून गुरगुर ऐकू आली, पण पडद्यावर हार्ड डिस्क काही दिसेना. बंद करून परत सुरू केला. नाही. महेंद्रनं दिलेल्या फ्लॉपीवरून डिस्क चालवायचा प्रोग्रॅम नव्यानं टाकला. नाही. कॉम्प्युटरच्या पाठीमागची वायर काढून, फुंकून, परत बसवली. तरी नाही.

"आई, तू वायरी काढल्या होत्यास का?"

"काढल्या हुत्या. पर जिथल्या तिथं लावल्यात. वढून बघ, हालते का."

यशोधरानं ओढून पाहिली. डब्याच्या बाजूची वायर तसूभर हलली नाही. तिनं महेंद्रला फोन लावला. वायर घट्ट आहे म्हटल्यावर तो म्हणाला, "मग डिस्कच गेली असंल गं. घेऊन ये, उघडून बघू. पण आतलं वाचंल असं सांगता येत न्हाई."

फोन ठेवताना यशोधराचा चेहरा उतरला. "एवढ्या वेळात स्मरणिका दुसऱ्यांदा होणार नाही, आई. काकासाहेबांना काय सांगू?" मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "सोमवारी सकाळची एसटी बरी पडेल."

काहीतरी करायला हवं म्हणून भागिरथीबाई डबा सोडवू लागल्या. स्क्रू निघता निघेना. निघाला तेव्हा वायरीबरोबर कव्हरही ओढलं गेलं. भोकाची दुमड आत चिमटली होती. कापडावर वायरीच्या तोंडाला असलेल्या पत्र्याच्या कडेचा लांबच लांब वळ उठला होता आणि शिवण तिथं चपटी झाली होती. वायर पुरी आत गेलीच नव्हती. आवळली होती ती कापडावर.

पोरगी जवळ राहावी म्हणून त्या झुरत होत्या, आणि तिला घालवायचं काम त्यांच्याच शिवणीनं चालवलं होतं.

"यशे," त्या म्हणाल्या, "तुजी डिस्क गेली न्हाई. मीच कापड मधी घातलंय. हे बघ."

यशोधरानं वळ पाहिला. "किती वेळा सांगितलं, माझ्या टेबलाला हात लावू नकोस म्हणून." आवाज चांगलाच चढला होता. यशोधरानं वायर उघड्या डब्यात सरळ बसवली, कॉम्प्युटर सुरू केला आणि दोघी पडद्याकडं बघत उभ्या राहिल्या. हार्ड डिस्क दिसली. स्मरणिका उघडली. पहिल्याच पानावरचे हेडमास्तर मिशीसकट जागेवर होते. यशोधरा मटकन खुर्चीत बसली आणि हसायला लागली, ते थांबेचना. "घट्ट आहे, घट्ट आहे म्हणून मीच महेंद्रला सांगत होते गं."

दुरुस्त्या उरकून ती उत्तमरावांच्या मागं स्कूटरवर बसली आणि डबा मांडीवर धरून नगरला गेली. भागिरथीबाईंनी तोवर घरातली भांडी दोनदा घासली. दिवेलागणीला बापलेक परतले. काकासाहेबांनी पानं पाहिली होती आणि पुढचं काम बरोबरच दिलं होतं.

"पुण्याला तिथूनच फोन केला," यशोधरा म्हणाली. "येत नाही म्हणून सांगितलं."

भागिरथीबाईंनी पदर डोळ्यांना लावला. नको म्हटलं तरी तो बराच वेळ तिथंच राहिला. मग त्यांनी डबा मुलीच्या हातातून घेतला आणि टेबलावर मांडला. रस्त्याची धूळ त्याच्यावर बसली होती, एका कोपऱ्याला बारीक ओरखडाही आला होता.

"कव्हर कुठंय मग?" उत्तमरावांनी मुद्दाम विचारलं. "भोक जरा मोठं कर, की झालं."

"नगं," भागिरथीबाई म्हणाल्या. "हितंच ऱ्हायाचंय त्याला आता. हुऊ दे जुना."