म्यूटवर अडलेली गोष्ट

गेल्या रविवारी सकाळपासूनच मी सारखी घड्याळ बघत होते. दुपारी आमचा ऑनलाइन क्लास असतो... लोककथा, पुराणकथा कशा लिहायच्या ते शिकायचा. आणि त्या दिवशी वाचायची पाळी माझी होती.

क्लासला बहुतेक जण पुण्या-नाशिककडचे. सोलापूरची मी एकटीच, त्यात घरात अर्धं कन्नड, अर्धं मराठी. बोलायची वेळ आली की माझं नेट बरोबर 'जातं'. नवरा म्हणतो, उगाच केबलवाल्याला बदनाम करू नकोस.

या वेळी पळवाट नव्हती. मॅडमनी सांगितलं होतं, आपल्या घरातली, कुठेही छापून न आलेली गोष्ट आणा. तशी गोष्ट आमच्याकडे एकच आणि ती येते फक्त दुधनीच्या आत्याला, माझ्या वडिलांच्या थोरल्या बहिणीला.

पण आत्या हल्ली विसरायला लागलीय. कधी गॅस बंद करायला, कधी माणसं. घरात आम्ही तो विषय टाळतो, पण दर फोनला मला धास्ती असते... आज काय गेलं असेल.

म्हणून क्लासच्या चार दिवस आधी तिला व्हिडिओ कॉल लावला. रेकॉर्डिंग सुरू केलं आणि मध्ये आपला आवाज नको म्हणून स्वतःला म्यूट केलं. क्लासची शिस्त अंगात भिनलेली, दुसरं काय.

गोष्ट झकास सुरू झाली. दुष्काळ पडलाय. माळावर मेंढरं राखणाऱ्या पोरीजवळ तांब्याभर पाणी उरलंय. मांडीवर तहानेनं मान टाकलेलं कोकरू, समोर पाणी मागणारी म्हातारी... ती म्हणजे साक्षात देवी. पाणी एकालाच पुरेल एवढं. आणि इथे आत्या थांबली.

आमच्याकडे ऐकणाऱ्यानं मधे मधे 'हूं' म्हणायचं असतं. हुंकार मिळाला नाही की सांगणारा पुढे जात नाही. हे मला लहानपणापासून माहीत, तरी म्यूट मीच केलेलं! ते काढून हूं हूं करेपर्यंत धागा तुटला होता.

"कुटली पोरगी गं?" आत्यानं मलाच विचारलं. नंतर पुन्हा पुन्हा फोन केले, पण गोष्ट काही पुढे सरकली नाही.

मग शेवट मीच लिहिला. पोरगी पाणी म्हातारीला देते, देवी प्रसन्न होते, पाऊस पडतो. लिहिला खरा... पण दुसऱ्याच्या घरात न विचारता शिरल्यासारखं वाटत होतं.

क्लासमध्ये माझं नाव घेतलं गेलं. शेवटी मॅडमना खरं ते सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत. आत्या आत्ता येतील का, एवढंच त्यांनी विचारलं.

आत्याच्या सुनेनं लिंक उघडून दिली. आत्यानं स्क्रीन नीट निरखून बघितला. "मानसं कुटं हायत? नुसती नावंच हायत की."

मॅडमनी सगळ्यांना कॅमेरा आणि माईक चालू करायला लावले. एकदम कुकरच्या शिट्ट्या, कुणाचं कुत्रं, कुणाचं बाळ... आत्या बावरली. झालं, संपलं, असं मला वाटलं. तरी धीर करून म्हटलं, आत्या, मेंढरं राखणारी एक पोर होती...

तिकडून कुणीतरी हूं म्हणालं. मग दुसरं, मग नेट स्लो असलेलं तिसरं, जरा उशिरानं. आत्यानं पदर सारखा केला आणि पहिल्यापासून सांगायला लागली.

आत्या कोकरापाशी आली, मागे थांबली होती तिथंच. पण ती थांबली नाही. पोरीनं पाणी कोकराला पाजलं! म्हातारी चिडली, तर पोर तिला म्हणाली, "तुला मागता येतंय की. ह्याला कुटं येतंय?"

हे ऐकून देवी तिथंच दगड होऊन बसली, कायमची. तिच्या दगडापाशी अजून पहिलं पाणी जनावरांसाठी ठेवतात म्हणे. माझा प्रसन्न-बिसन्न शेवट मी गुपचूप डिलीट केला.

आणि मग लक्षात आलं... ऐकायच्या नादात रेकॉर्डिंग कुणीच सुरू केलं नव्हतं. मॅडमनीही नाही. मी फक्त रडायची बाकी होते.

तेव्हा ग्रुपवर प्रत्येकानं आठवली तशी गोष्ट लिहून पाठवली. एकीच्या गोष्टीत तांब्याऐवजी घागर आलीय. आत्या कोकराला कन्नडमधून 'मरी' म्हणत होती, तर नाशिकच्या ताईंनी थेट मरीआईची गोष्ट करून टाकलीय. पण पोरीचं ते बोलणं मात्र सगळ्यांनी जसंच्या तसं लिहिलंय.

दोन दिवसांनी आत्याला फोन केला. म्हटलं, काय सुंदर गोष्ट सांगितलीस गं.

"कसली गोष्ट?" आत्यानं विचारलं.

मी खुर्ची ओढून बसले. मग म्हटलं, थांब, सांगते... आणि सांगायला लागले.

क्लासमधल्या सगळ्यांचे मनापासून आभार. तुमच्यामुळे शेवट माझ्याकडे होता.