पेटीला भोक नव्हतं

सन दोन हजार तेवीस. मला त्र्याहत्तरावं लागलं होतं, आणि गुडघ्यांनी तर कधीच रिटायरमेंट घेतली होती. फरीदाबादच्या आमच्या मराठी मंडळात गणपतीचे दहा दिवस आरतीला पेटी मीच वाजवायचो, बत्तीस वर्षं. त्या वर्षी मीटिंगमध्ये सेक्रेटरी म्हणाले, "काका, तुम्हाला आता खाली बसवत नाही. यंदा आरती मोबाइलवर लावू." मी उभा राहिलो, म्हणजे खुर्चीला धरून राहिलो, आणि सांगितलं, "पेटी माझीच वाजेल. मी घरी कंप्युटरात भरून आणतो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग काय, अडकलो.

गणपतीला बारा दिवस होते. सुनेचा लॅपटॉप घरात होता. पेटी आणि कंप्युटर यांच्या मध्ये एक डबा लागतो, एवढं मला ऐकून ठाऊक होतं. सून म्हणाली, "बाबा, रविवारपर्यंत थांबा, मी येते तुमच्याबरोबर." मी थांबणाऱ्यातला नाही. चौथी पास असलो तरी कारखान्यात फिटर म्हणून जन्म काढलाय. मेट्रोने एकटाच दिल्लीला, वाद्यांच्या दुकानात गेलो.

दुकानदार पन्नाशीचा, भला माणूस. मी म्हटलं, "पेटी को कंप्यूटर से जोड़ना है."

"पेटी मतलब? कीज़ हैं उसमें?"

"हैं. सैंतीस."

"अच्छा. तो ऑडियो लेंगे या मिडी?"

आता ऑडिओ म्हणजे कॅसेट, हे मला पक्कं माहीत. कॅसेटचा जमाना गेला. मी म्हटलं, "मिडी." त्याने विचारलं, "पक्का?" असं कुणी विचारलं की मी कधी मागे हटलेलो नाही.

घरी येऊन बायकोला सांगितलं, मिडी आणली. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "या वयात? कुणाला घालायची?"

डब्याची एक वायर लॅपटॉपला बसली. दुसऱ्या दोन वायरींच्या टोकाला गोल, पाच पिनांची तोंडं. ती पेटीत कुठे घालायची? मी पेटी मागून पाहिली, उलटी केली, भाता उघडून आत डोकावलो. भोक नाही. नसेल तर पाडता येतं, आयुष्यभर तेच केलं. मी ड्रिल काढलं. तशी बायको उठली आणि पेटीवर हात ठेवून बसली.

"हिला भोक पाडलंत तर मी माहेरी जाईन."

"माहेरी आता आहे कोण?"

"कुणी नसलं तरी जाईन."

तेवढ्यात सून ऑफिसातून आली. तिने ड्रिलकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, आणि खांद्यावरची पर्स न काढताच हसत खाली बसली.

"बाबा, यातून आवाज जातच नाही. हे इलेक्ट्रॉनिक कीबोर्डसाठी आहे. कोणती पट्टी दाबली, किती जोरात, किती वेळ, एवढी खबर कंप्युटरला जाते. आवाज तो स्वतःच्या पोटातून काढतो."

"म्हणजे बोटं माझी आणि सूर त्याचा?"

"बिल्कुल."

"मग हा मुकादम झाला. स्वतः काही करत नाही, नुसतं वर कळवतो."

"तसंच समजा. आपल्या पेटीला वायर नकोच. समोर माइक ठेवायचा आणि माइक लागतो तो ऑडिओचा डबा घ्यायचा. उद्या मी बदलून आणते. 'गलत ले गए थे' म्हटलं की झालं."

"मी आणला, मीच बदलीन."

"तेवढं वाक्य म्हणाल?" बायकोने विचारलं. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात तिने ते माझ्या तोंडून ऐकलं नव्हतं, त्यामुळे विचारणं रास्तच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेटी सामानाच्या ट्रॉलीवर बांधली, डबा पिशवीत टाकला आणि निघालो. मेट्रोच्या तपासणीत शिपायाने विचारलं, "ताऊ, क्या है?"

"पेटी."

"पेटी में क्या है?"

"पेटी ही है."

त्याने उघडायला लावली, पाहिली आणि म्हणाला, "तो हारमोनियम बोलो ना." पन्नास वर्षं इकडे राहिलो, पण दुकानात हा शब्द काही सुचला नव्हता.

दुकानात काउंटरवर पेटी ठेवली आणि उभ्यानेच आरतीचं एक कडवं वाजवलं. दुकानदार हातातलं काम सोडून ऐकत राहिला. संपल्यावर मी म्हटलं, "गलत ले गया था." फार लांब नसतं ते वाक्य. त्याने दोन डबे पुढे केले, एकाला एक माइक लागत होता, दुसऱ्याला दोन. मी दोनवाला उचलला.

"दूसरा माइक किसके लिए?"

"घर में एक हैं. बिना माइक के भी सुनाई देती हैं, पर नाराज़ हो जाएँगी."

घरी नेण्याआधी तिथेच माइक लावून वाजवलं आणि हेडफोन कानाला लावला. सूर माझेच होते. त्यांच्या मागे जुन्या भात्याची कुरकुरही आली होती. दुकानदार म्हणाला, "ये निकल जाएगी, अंकलजी."

मी म्हटलं, "रहने दो. मंडल वाले इसी से पहचानेंगे."