मागच्या बाकावरचं आमेन

आपली प्रार्थना वर जाते तरी का, ही शंका मला आयुष्यात पहिल्यांदा आली ती दवाखान्यात, यांच्या उशाशी बसलेली असताना. आमच्या गावच्या चर्चच्या मंडळीत प्रार्थना म्हटली की लोक माझ्याकडे बघतात. पाळकसाहेबसुद्धा, "बाई, तुम्हीच चालवा," म्हणतात. शब्द माझ्या जिभेवर आपोआप येतात, आणि ते येतात हे मला चांगलंच ठाऊक होतं. प्रार्थना संपली की सगळे मोठ्याने आमेन म्हणतात. हे मात्र मागच्या बाकावर मान खाली घालून गप्प. त्या न म्हटलेल्या आमेनचा मला फार राग होता. प्रभुभोजनाची भाकर वाटण्याआधी पाळकसाहेब सांगतात, आता प्रत्येकाने आपापल्या अंतःकरणाची परीक्षा करा. मी डोळे मिटायची आणि यांच्या अंतःकरणाची परीक्षा घ्यायची. दर वेळी ते नापास व्हायचे.

पावसाळा सरता सरता यांना अर्धांगाचा झटका आला. नगरला आणलं. जीव वाचला, पण वाचा गेली. "बोलतील की नाही, आत्ताच सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. यांचा आवाज पुन्हा कानावर पडणार नाही, या विचाराने मी खाटेजवळून हलेना.

दुपारी सगळा वॉर्ड पेंगायचा. हिरवा पडदा संथ हलायचा, खिडकीबाहेरच्या लिंबाची सावली यांच्या चादरीवर सरकत राहायची. जागरणाने माझेही डोळे जड झालेले असत. एका दुपारी त्या सावलीकडे बघता बघता वाटलं, आपण आपल्या चर्चमध्येच आहोत, आणि हे नेहमीसारखे मागच्या बाकावर बसलेत. त्या गुंगीतच मी उभी राहिले आणि प्रार्थना सुरू केली. शब्दामागून शब्द येत गेले, मी वाहत गेले.

शेजारच्या खाटेवर शेवगावकडचे एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांच्या बायकोला मी मावशी म्हणायची; त्या स्वतःबरोबर माझ्यासाठीही चहा आणायच्या. प्रार्थना संपल्यावर त्या हलकेच म्हणाल्या, "लई ग्वाड बोलता बाई तुमी. पन जरा हळू. आमचं म्हातारं आत्ताच झोपलंय." मग अगदी भाबडेपणाने त्यांनी विचारलं, "मागितलं काय वो देवाला?"

"सगळ्यांसाठी मागितलं," मी म्हणाले.

"आन् तुमच्या मानसासाठी?"

मी आठवून पाहिलं. मंडळीसाठी, पाळकांसाठी, डॉक्टरांसाठी, देशासाठी मागून झालं होतं. यांच्यासाठी मागितलं तेही 'रुग्णशय्येवरील सर्व बंधुभगिनींसाठी' यात कुठेतरी. आणि शेवटी नेहमीचंच, आम्ही पापी आहोत, आम्ही अपात्र आहोत, आम्हांला क्षमा कर. इतकी वर्षं मी त्या 'आम्ही'च्या पदराआड उभी होते. तिथे कबुली मंडळीची व्हायची आणि वाहवा माझी. आधी मला मावशींचा राग आला. मग रडूच आलं.

मी स्टुलावर बसले, यांचा गार हात हातात घेतला. शब्द येईनात. कसंबसं म्हणाले, "प्रभू, मी भ्यालेय. हे घरात बोलायचे तेव्हा मी नीट ऐकून घेतलं नाही. मी गर्विष्ठ आहे. मला यांचा आवाज पाहिजे. पण तुझ्या मनात असेल तसं होऊ दे." पुढे काही सुचलं नाही. आमेन म्हणायचंही राहून गेलं.

पडदा हलला. सावली चादरीवरून माझ्या हातावर आली. आणि उशीवरून, खोल विहिरीतून यावा तसा आवाज आला, "आ... मेन."

मी यांच्या तोंडाशी वाकले. मावशी तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "बोललं की वो तुमचं मानूस." डॉक्टर म्हणाले, औषधाचा गुण आहे. असेलही, मी वाद घातला नाही. मला एवढंच कळलं, की हे इतकी वर्षं गप्प होते ते विश्वास नव्हता म्हणून नाही. 'हो' म्हणण्याजोगं काहीतरी खरं माझ्या तोंडून निघण्याची ते वाट पाहत होते.

आता हे अडखळत का होईना बोलतात. शेवगावच्या त्या मावशींचं नावही मी विचारलं नाही, पण त्यांच्यासाठी रोज देवाचे आभार मानते. रविवारी अजूनही मलाच प्रार्थना चालवायला सांगतात, आणि जुनी खोड कधी कधी वर येते, शब्द सजायला लागतात. मग मागच्या बाकावरून यांचं खाकरणं ऐकू येतं. मी डोळे न उघडता 'आम्ही'चं 'मी' करते आणि थांबते. सगळ्यांचं आमेन होऊन जातं. मी मात्र एका उशिरा येणाऱ्या आमेनसाठी उभी राहते.