अक्कांची आठवी पाकळी

लोकरीच्या पिशवीतून एक गुंडा काढायला जावं, तर त्याला बिलगून बाकीचे चारही बाहेर येतात. आमच्या बुधवारच्या किस्स्यांचं तसंच आहे. एक सांगायला बसलं की दुसरा आपोआप निघतो आणि मग चहा गार होतो. माझं सगळं आयुष्य जळगावच्या टेलिफोन ऑफिसात दुसऱ्यांची बोलणी जोडून देण्यात गेलं, त्यामुळे ऐकलेलं विसरायची सवयच नाही. तेव्हा तुम्हीही गुंतणार, आधीच सांगते!

आम्ही पाच जणी दर बुधवारी दुपारी माझ्या हॉलमध्ये क्रोशा घेऊन बसतो. जळगावच्या उन्हात मांडीवर लोकर घेऊन बसणाऱ्या बायका बघितल्या की लोक आधी आमच्याकडे बघतात आणि मग कीव आल्यासारखं हसतात. आमचे हे तर पहिल्याच दिवशी म्हणाले, "ब्लँकेट कसलं विणताय? एखादा कूलर विणा!"

* * *

याच माणसाला मी एकदा लोकरीची लड धरायला बसवलं. दोन्ही हात पुढे, हातांवर लड, आणि मी समोर बसून गुंडा करतेय. तेवढ्यात बेल वाजली. मी हातातला गुंडा सोडला असता तर सगळा गुंता झाला असता, म्हणून हेच उठले. हात तसेच पुढे धरून दारापर्यंत गेले आणि कोपरानं कडी काढली. त्यांच्यामागून गुंडा घेऊन मी!

दारात कुरिअरवाला. तो बिचारा यांच्या हातांकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो.

"काका, हात का बांधले तुमचे?"

हे शांतपणे म्हणाले, "लग्न झालं तेव्हाच बांधलेत. तुला आज दिसले!"

* * *

आमच्यातली सगळ्यात हुशार सरलाभाभी. घरचं कापडाचं दुकान, माणसं मूळची राजस्थानातली, पण भाभींचा जन्म इथलाच. त्यांचा हात इतका सारखा की टाके मशीननं घातलेत असं वाटावं. आणि त्यांचा आवडता शब्द एकच, "उसवो!" आपण तासभर मान मोडून एक चौकोन करावा, त्यांनी तो उजेडाकडे धरावा, आणि शांतपणे म्हणावं, "तिसऱ्या ओळीत एक खांब कमी आहे. उसवो!" खांब म्हणजे आमचा क्रोशाचा उंच टाका. त्या एका खांबापायी आम्ही किती शिव्या गिळल्यात ते आम्हालाच ठाऊक.

एकदा एका लग्नात भाभींच्या पुढच्या खुर्चीवर एक बाई बसल्या होत्या, अंगावर क्रोशाची शाल. त्या शालीतला एक टाका सुटलेला. भाभींनी पाच मिनिटं धीर धरला. मग पर्समधून सुई काढली आणि त्या बाईंना पत्ता न लागू देता मागून शाल दुरुस्त करायला घेतली!

तेवढ्यात मंगलाष्टकं संपली आणि त्या बाई नवरा-नवरीला आहेर द्यायला ताडकन उठून निघाल्या. सुई शालीत, सुई भाभींच्या हातात. भाभी सोडतात कशाच्या! निघाल्या मागोमाग. थेट स्टेजपर्यंत.

खाली उतरल्यावर एवढंच म्हणाल्या, "झालं. पण बाई चालत होती ना, एक टाका जरा सैल आलाय."

* * *

भाभींचं दुसरं टोक म्हणजे मालती. माहेर आणि सासर दोन्ही धुळ्याकडचं, सोनगीरचं. नवऱ्याच्या नोकरीमुळे जळगावात आली, पण बोलणं तिकडचंच ठेवलंय. तिनं एकदा गुलाब केला. प्रज्ञा, ही आमच्यात सगळ्यात लहान, डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स आहे, तिनं गुलाब इकडून तिकडून पाहिला आणि विचारलं, "मालतीताई, हे भरताचं वांगं का?"

मालती म्हणाली, "वांगं ते वांगं! खान्देशना गुलाब असाच ऱ्हास!"

मालतीचे चौकोन कधीच एका मापाचे येत नाहीत. घरी सासूशी वाजलं असेल तर टाके इतके आवळलेले की चौकोन बिस्किटाएवढा. समेट झाला असेल तर बशीएवढा. आम्ही तिला घरचं काही विचारत नाही, चौकोन बघतो. एकदा तिनं पिशवीतून काढला तो ताटाएवढा! कडा लोंबतायत, टाक्यांतून बोट आरपार जातंय. आम्ही सगळ्या बघतच राहिलो.

मालती खुशीत म्हणाली, "सासू महिनाभर सोनगीरले गयी शे!"

* * *

आणि आता अक्का. खरं तर सगळा किस्सा त्यांचाच आहे, मी उगीच बाकीच्यांना मधे घातलं.

अक्का जळगावजवळच्या असोद्याच्या. केळीचे बाग आहेत, घर भरलेलं आहे. पण मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हापासून घरच्यांनी त्यांना काही करूच द्यायचं नाही असं ठरवलंय. सून विळी हातात देत नाही, मुलगा शेतात जाऊ देत नाही. उरली ती क्रोशाची सुई. बुधवारी एसटीनं एकट्या जळगावला येतात, तेवढंच त्यांचं राज्य.

अक्कांची नात धुळ्याला दिलेली. ती पहिल्या बाळंतपणाला असोद्याला येणार होती, आणि बाळासाठी ब्लँकेट अक्का करणार होत्या. पिकल्या केळीच्या पिवळ्या रंगाचं फूल, आठ पाकळ्या, भोवती पांढरा चौकोन. असे चौकोन जोडून ब्लँकेट. नातीला आधी दिसू नये म्हणून झालेले चौकोन माझ्याकडे ठेवायचे. आम्हाला बजावून ठेवलं होतं, "कोनी हात लावाचा नाही. हे मीच करीन. माझ्या हातचं हे शेवटलंच समजा."

आम्ही हात लावला नव्हता. पण एका बुधवारी अक्का गेल्यावर भाभींनी सवयीनं चौकोन उजेडाकडे धरले आणि त्यांचा चेहराच उतरला. एका फुलाला सातच पाकळ्या!

एरवी भाभी "उसवो!" म्हणाल्या असत्या. त्या दिवशी कुजबुजल्या, "अक्कांना सांगायचं नाही."

अक्कांना कळलं की हात चुकतोय, तर त्या सुई ठेवून देतील, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. मला तर नुसत्या कल्पनेनंच रडू आलं. भाभींनी ते फूल घरी नेऊन उसवलं, आठवी पाकळी घातली आणि गुपचूप आणून ठेवलं.

पुढच्या बुधवारी अक्कांनी चौकोन मोजले, पुन्हा पुन्हा मोजले. त्या दिवशी त्यांनी नवं फूल केलं. त्यालाही सात पाकळ्या! भाभींनी तेही सुधारलं. त्याच्या पुढच्या वेळी सहाच पाकळ्या, आणि त्यातली एक वाकडी!

प्रज्ञा म्हणाली, "डोळे गेले अक्कांचे. उद्याच दाखवायचे."

* * *

दवाखान्यात फुकट तपासणी आहे अशी थाप मारून प्रज्ञा अक्कांना घेऊन गेली. मीही बरोबर होते. डॉक्टरांनी समोरचा तक्ता वाचायला सांगितला. अक्कांनी वरची मोठी अक्षरं वाचली, मधली वाचली, शेवटची मुंगीएवढी ओळही घडाघडा वाचली.

मग म्हणाल्या, "त्याच्याखाले छापखान्याचं नाव हाये. ते वाचू का?"

डॉक्टर गार. त्यांनी डोळ्यात बॅटरी मारायला तोंड जवळ आणलं, तर अक्का म्हणतात, "डाक्टर, तुमचं दुसरं बटन निळ्या दोऱ्यानं लावलं हाये. बाकीचे पांढऱ्यानं. बायको माहेरी गेली का?"

डॉक्टर लाजले. गेली होती!

येताना रिक्षात अक्का सरकून माझ्याजवळ आल्या. मग माझा हात धरून हळूच विचारलं, "माधुरी, माणसाले इसर पडाले लागला का पह्यले काय इसरते वं?"

डोळे चांगले, म्हणजे मग बिघाड डोक्यात? मी काहीतरी हसण्यावारी नेलं आणि घरी येऊन प्रज्ञाला फोन केला.

* * *

बाळ आलं, मुलगा! बारशाला थोडेच दिवस उरले. शेवटच्या बुधवारी अक्कांनी शेवटचं फूल केलं, पिशवीत ठेवलं आणि स्टँडवर जायला निघाल्या. त्या वळणावर पोचल्या असतील नसतील, आम्ही पिशवी उघडली. पाच पाकळ्या! भाभींनी उसवायला घेतलं, प्रज्ञा पाकळ्या मोजतेय, मी सुटलेली लोकर गुंडाळतेय, मालती वारा घालतेय.

आणि दारात अक्का! छत्री विसरल्या म्हणून परत आलेल्या.

"ते फूल कोनाचं व्हय?"

शेवटी मालतीच म्हणाली, "अक्का, तुमनंच शे. पाकळी कमी व्हती, म्हनीसन..."

"पह्यलेबी तुमीच केलं? दर येळेस?"

"दर येळले."

अक्का सोफ्यावर मटकन बसल्या. पदर तोंडाला लावला, खांदे हलायला लागले. आम्हाला वाटलं, संपलं! पण पदर काढला तर बाई हसतेय! हसतेय आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"माय वं! म्हंजे मी येडी नाही झाली!"

मग सगळं बाहेर आलं. बाळाच्या गालाला जशी तीट लावतात, तशी त्यांची आई बाळाच्या दुपट्यात मुद्दाम एक चूक सोडायची. नजर लागू नये म्हणून. आणि ही चूक कोणाला सांगायची नसते, सांगितली की तिचा गुण जातो. (बाळ आता रांगतंय, आता सांगितलं तर चालतं, असं अक्कांनीच मला सांगितलंय!)

"मी पाकळी सोडू, अन् बुधवारी येऊन पाहू तं आठच्या आठ! म्हटलं, गेली अक्का, तुही अक्कल गेली. म्हनून पाकळ्या अजून कमी केल्या, ध्यानात राहाले पाह्यजे ना! सुनेले समजलं असतं तं सुईबी काढून घेतली असती माझ्या हातातून." आणि पुन्हा हसायला लागल्या. आम्ही पाचही जणी एकमेकींच्या गळ्यात पडून हसत होतो आणि रडत होतो.

पण अक्कांनी सोडलं नाही. "तुमी सगळ्यायनं माझ्या चुका मोडल्या ना? आता एकेक फूल करा, अन् एकेक चूक तुमी घाला!"

प्रज्ञानं एक पाकळी उलटी घातली. मी केलेलं फूल बघून अक्का म्हणाल्या, एक सांगितली होती, तू तीन घातल्या. मालतीनं नेहमीसारखंच फूल करून दिलं, ते तसंच पास झालं.

राहिल्या भाभी. घाम फुटला त्यांना! सात पाकळ्यांवर थांबायचं ठरवायच्या आणि हात आपोआप आठवी घालून मोकळा व्हायचा. उसवलं. पुन्हा आठ. पुन्हा उसवलं. संध्याकाळी दुकानातून दोनदा फोन आला, तरी भाभी मान वर करेनात.

* * *

बारसं असोद्याला झालं. धुळ्याहून सासरची माणसं आली, त्यात बाळाच्या बापाची आत्या. बाईंची नजर म्हणजे अशी की पापडातला खार दिसावा. सगळ्या बायकांनी ब्लँकेटची वाहवा केली. आत्याबाईंनी चष्मा लावला, एकेका फुलावरून बोट फिरवलं आणि मधेच थांबल्या.

"हाई दखा! ह्या फूलमा एक पाकळी कमी शे! कोनी करं हाई?"

अक्कांची सून अक्कांकडे बघायला लागली. अक्का पाळण्याच्या दोरीकडे.

तेवढ्यात मागून गर्दीला कोपरानं ढकलत सरलाभाभी पुढे आल्या. हात वर, आणि चेहरा असा की शाळेत पहिला नंबर आलाय.

"मी! ती चूक माझी आहे! तीन वेळा उसवून बरोबर चुकवलीय!"