सुईणबाईंच्या शाळेचे हेडमास्तर

जगातली सगळी काळजी आमच्या हेडमास्तरांनी एकट्याच्या नावावर करून घेतली होती. शेवगावजवळच्या त्या शाळेत मी नवी बाई म्हणून हजर झाले, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "बाई, विंचू चावला तर काय कराल?" आभाळ कोरडं असलं की त्यांना पावसाची काळजी, ढग दिसला की शाळेच्या पत्र्याची. पोरांनी दंगा केला की ओरडायचे, आणि पोरं गप्प बसली की धावत यायचे, "आजारी-बिजारी नाहीत ना?"

शाळेला गावच्या सुईणीचं नाव होतं. तिनं झाडून सगळ्या वस्त्यांवर बाळंतपणं केली आणि म्हातारपणी शाळेसाठी आपलं घर दिलं. "निम्मं गाव तिच्या हातात पहिल्यांदा रडलंय," हेडमास्तर सांगत.

बहात्तरच्या दुष्काळात शाळेची विहीर आटली. टँकरचं पाणी आम्ही एका पिंपात भरून ठेवू लागलो. एका दुपारी गावातले वजनदार तात्या चार माणसं घेऊन आले.

"मास्तर, बौद्धवाड्यातल्या पोरांचं पिंप येगळं ठेवा. न्हाईतर आमची पोरं उद्यापासनं यायची न्हाईत."

हेडमास्तरांनी एकदा पिंपाकडे, एकदा तात्यांकडे पाहिलं. मला वाटलं, आता मान डोलावणार.

"तात्या, तुमच्या जन्माच्या वेळी सुईण कोण होती?"

"सुईणबाईच. का?"

"बौद्धवाड्यातही तीच जायची. तिनं हात वेगळे ठेवले नाहीत. मी पिंप वेगळं ठेवलं, तर आधी पाटीवरचं तिचं नाव पुसावं लागेल. ते माझ्यानं होणार नाही."

मंडळी तणतणत निघून गेली. हेडमास्तर माझ्याकडे वळले. "बाई, मी काय बोलून बसलो हो? उद्या शाळा ओस पडली तर?"

दुसऱ्या दिवशी बौद्धवाड्यातली पोरं तेवढी आली. हेडमास्तर हजेरीपट घेऊन फाटकात उभे. मग हळूहळू गावातल्या म्हाताऱ्या नातवंडांना हाताला धरून येऊ लागल्या. एकजण फणकाऱ्यानं म्हणाली, "माझी तिन्ही बाळंतपणं तिनंच केली. बाप्यांना काय ठावं!" आठवडाभरात वर्ग भरले.

तात्यांची नात मात्र आली नाही. तिला त्यांनी शेवगावच्या शाळेत घातलं. रोज सकाळी ती चिमुरडी एकटी एसटीनं जायची. मग हेडमास्तर शाळा उघडण्याआधी थांब्यावर जाऊन उभे राहू लागले. तात्या त्यांच्याशी बोलत नसत, तरी हे तिला गाडीत चढवत आणि कंडक्टरला बजावत, "खिडकीतनं हात बाहेर काढू देऊ नका."

"सर, ती आता आपल्या शाळेची नाही," मी एकदा म्हणाले.

"नाही ना," ते म्हणाले, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत रस्त्याकडे बघत राहिले.